बहुपदींचा भागाकार आणि संमिश्र अवयवांच्या जोड्या

बहुपदीस बहुपदीने भागण्याची रीत शालेय बीजगणितात येते आणि बहुधा तेथेच तिचा विचार संपतो. क्ष − २ या भाजकाने भागणे ज्यास सहज जमते असा विद्यार्थी क्ष − (१ + २√−१) असा भाजक समोर आला की अडखळतो. या अडखळण्याचे कारण गणिती असण्यापेक्षा भाषिक अधिक आहे. २ या चिन्हामागे काही एक राशी उभी आहे अशी त्याची खात्री असते. √−१ या चिन्हामागे काय उभे आहे हे त्यास सांगता येत नाही. आणि जे काय आहे हेच ठाऊक नाही त्याने भागावे कसे, असा त्याचा प्रश्न असतो.

हा प्रश्न भाबडा म्हणून बाजूस सारण्याजोगा नाही. नवव्या शतकात महावीराचार्यांनी आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ऋण राशीस वर्गमूळ नसते असे स्पष्ट सांगितले, कारण ऋण राशी ही कोणत्याही राशीचा वर्ग नसते. वास्तव संख्यांपुरते हे विधान आजही निर्दोष आहे. युरोपात कार्दानोने १५४५ मध्ये १० चे असे दोन भाग शोधले की ज्यांचा गुणाकार ४० यावा. त्यास ५ + √−१५ आणि ५ − √−१५ हे भाग मिळाले, गुणाकार त्याने पडताळूनही पाहिला, आणि निरुपयोगी म्हणून तो विचार सोडून दिला. देकार्तने १६३७ मध्ये अशा मुळांस ‘काल्पनिक’ हे विशेषण लावले. त्या विशेषणाने या संख्यांना जो डाग लागला तो पुरता पुसला गेलेला नाही. मराठीत स्थिरावलेला ‘संमिश्र’ हा शब्द त्या मानाने बरा. एक वास्तव भाग आणि एक √−१ च्या पटीतला भाग यांचे मिश्रण, एवढेच तो सांगतो आणि अस्तित्वाच्या वादात पडत नाही.

चिन्हास वाच्य दाखविता आले नाही तरी त्याचा व्यवहार नियमबद्ध असू शकतो काय, आणि अशा व्यवहारातून निघालेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकासही अपरिचित नाही. बहुपदींचा भागाकार हे त्या प्रश्नाची परीक्षा करण्याचे एक सोयीचे स्थान आहे. कारण येथे उत्तर बरोबर की चूक हे गुणाकार करून लगेच ताडून पाहता येते. पुढील विवेचनात √−१ साठी ‘इ’ हे चिन्ह योजले आहे, म्हणजे इ² = −१.

भागण्याच्या क्रियेत नेमके काय घडते हे प्रथम पाहिले पाहिजे. भाज्याच्या सर्वोच्च पदास भाजकाच्या सर्वोच्च पदाने भागतात. आलेल्या पदाने संपूर्ण भाजकास गुणून तो गुणाकार भाज्यातून वजा करतात. जे उरते त्यावर तीच क्रिया पुन्हा करतात. आणि उरलेल्या बहुपदीची कोटी भाजकाच्या कोटीहून लहान झाली की थांबतात. या साऱ्या खटाटोपात सहगुणकांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्येतर संख्येने भागणे या चारच क्रिया होतात. ज्या संख्यासमूहात या चार क्रिया बिनअडथळा करता येतात त्यास आधुनिक बीजगणितात ‘क्षेत्र’ म्हणतात. परिमेय संख्यांचे क्षेत्र आहे, वास्तव संख्यांचे आहे, आणि संमिश्र संख्यांचेही आहे. सहगुणक लहान की मोठा, धन की ऋण, त्यास संख्यारेषेवर जागा आहे की नाही, याची चौकशी भागण्याची रीत कोठेही करीत नाही. संमिश्र संख्यांच्या गुणाकाराचे नियम बोंबेल्लीने १५७२ मध्येच लिहून ठेवले होते. अ + बइ ने भागावयाचे तर अंश व छेद या दोहोंस अ − बइ ने गुणावे, म्हणजे छेदस्थानी अ² + ब² ही वास्तव संख्या येते आणि अडचण सरते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. संमिश्र भाजकासाठी निराळी रीत लागत नाही, ही पहिली. दुसरी तितकीच साधी आहे, परंतु तिच्याकडे क्वचितच लक्ष वेधले जाते: भाज्य आणि भाजक यांचे सहगुणक ज्या क्षेत्रातले असतील, भागाकार आणि बाकी यांचे सहगुणकही त्याच क्षेत्रातले निघतात. ही क्रिया क्षेत्राबाहेर पाऊल टाकीत नाही. या दुसऱ्या गोष्टीचे मोल पुढे दिसून येईल.

उदाहरणार्थ क्ष³ − ४क्ष² + ९क्ष − १० या बहुपदीस क्ष − (१ + २इ) ने भागू. भाजक एकघाती असल्यामुळे संश्लेषक भागाकाराची, म्हणजे रुफिनी आणि हॉर्नर यांच्या नावांनी ओळखली जाणारी आटोपशीर मांडणी वापरता येते. सहगुणक ओळीने १, −४, ९, −१० असे आहेत. पहिला १ तसाच खाली येतो. त्यास १ + २इ ने गुणून −४ मध्ये मिळविले असता −३ + २इ मिळते. यास पुन्हा १ + २इ ने गुणिले असता −३ − ६इ + २इ + ४इ², म्हणजे −७ − ४इ येते. ते ९ मध्ये मिळवून २ − ४इ. यास १ + २इ ने गुणिले की २ + ४इ − ४इ − ८इ², म्हणजे १०. ते −१० मध्ये मिळविले की बाकी शून्य. मांडणी अशी दिसते:

१, −४, ९, −१०
–, १ + २इ, −७ − ४इ, १०
१, −३ + २इ, २ − ४इ, ०

भागाकार क्ष² + (−३ + २इ)क्ष + (२ − ४इ) असा आला. भाज्य वास्तव होते, भाजक संमिश्र होता, म्हणून भागाकारही संमिश्र आहे; यात आश्चर्य नाही. आता या भागाकारास क्ष − (१ − २इ) ने भागावे. १ खाली येतो. −३ + २इ मध्ये १ − २इ मिळविले की −२. −२ ला १ − २इ ने गुणून −२ + ४इ, ते २ − ४इ मध्ये मिळविले की शून्य. भागाकार क्ष − २. पहिल्या पायरीवर शिरलेले ‘इ’ दुसऱ्या पायरीवर मागमूस न ठेवता निघून गेले.

येथे एका प्रमादाविषयी सावध केले पाहिजे, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो वारंवार आढळतो. वास्तव सहगुणकांच्या बहुपदीस १ + २इ हे मूळ असेल तर १ − २इ हेही असते, हा नियम विद्यार्थी पाठ करतो आणि मधल्या संमिश्र भागाकारासही तो लावतो. क्ष² + (−३ + २इ)क्ष + (२ − ४इ) याची मुळे १ − २इ आणि २ ही आहेत. १ + २इ हे त्याचे मूळ नाही. ते क्ष च्या जागी घातले असता −८ − ४इ ही किंमत येते. नियम वास्तव सहगुणकांच्या बहुपदींचा आहे. सहगुणकांत ‘इ’ आले की तो लागू पडेलच असे नाही.

मग हा नियम येतो तरी कोठून? पाठ्यपुस्तकांत तो बहुधा सर्वत्र ‘इ’ च्या जागी ‘−इ’ लिहून सिद्ध केला जातो. भागण्याच्या क्रियेतूनच तो अधिक स्वाभाविकपणे निघतो. समजा, प(क्ष) ही वास्तव सहगुणकांची बहुपदी असून अ + बइ हे तिचे मूळ आहे आणि ब शून्य नाही. क्ष − (अ + बइ) आणि क्ष − (अ − बइ) यांचा गुणाकार क्ष² − २अक्ष + (अ² + ब²) हा आहे, आणि त्याचे सहगुणक वास्तव आहेत. प(क्ष) ला या वर्गबहुपदीने भागावे. भाज्य वास्तव, भाजक वास्तव, तेव्हा बाकीही वास्तव. तिची कोटी दोनपेक्षा कमी, म्हणून ती रक्ष + स अशा रूपाची असणार. आता क्ष च्या जागी अ + बइ ठेवावे. भाज्य शून्य होते, भाजकही शून्य होतो, म्हणून बाकीही शून्य झाली पाहिजे: र(अ + बइ) + स = ०. यातील ‘इ’ चा भाग रब आहे. ब शून्य नाही, म्हणून र शून्य. आणि मग स ही शून्य. बाकी सर्वस्वी शून्य ठरली. म्हणजे ती वर्गबहुपदी प(क्ष) चा अवयव आहे, आणि तिच्याबरोबर अ − बइ हे मूळही आपोआप आले. एका मुळाच्या मागे दुसरे येते, कारण वास्तव भाज्य आणि वास्तव भाजक यांपासून संमिश्र बाकी निघूच शकत नाही.

अ + बइ आणि अ − बइ यांस परस्परांच्या ‘संयुग्मी’ संख्या म्हणतात. कित्येक मराठी पुस्तकांत ‘अनुबद्ध’ हाही शब्द आढळतो. कोशीने १८२१ मध्ये फ्रेंचमध्ये जे नाव रूढ केले त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘एका जुवाला जुंपणे’ ही कल्पना आहे. लॅटिन ‘युगुम’, संस्कृत ‘युग’ आणि त्यापासून प्राकृताच्या वाटेने आलेले मराठी ‘जू’ हे शब्द एकाच कुळातले असल्यामुळे ‘संयुग्मी’ या शब्दात मूळ प्रतिमा अनायासे टिकून राहिली आहे. ‘अनुबद्ध’ मध्ये बांधलेपण आहे, पण बैलजोडी नाही.

बाकी शून्य नसेल तेव्हाही वर्गबहुपदीने भागणे फायद्याचे ठरते. वर घेतलेल्या बहुपदीची क्ष = २ + इ असताना काय किंमत होते हे हवे आहे असे समजू. शेष सिद्धांताप्रमाणे क्ष − (२ + इ) ने भागून उरणारी बाकी हीच ती किंमत होय. परंतु तेथे प्रत्येक पायरीवर संमिश्र गुणाकार करावा लागतो. त्याऐवजी २ + इ आणि २ − इ या जोडीच्या वर्गबहुपदीने, क्ष² − ४क्ष + ५ ने, भागले तर भागाकार क्ष आणि बाकी ४क्ष − १० येते. तीत क्ष = २ + इ घातले की −२ + ४इ, आणि क्ष = २ − इ घातले की −२ − ४इ. संपूर्ण भागण्याची क्रिया वास्तव संख्यांत झाली, एकाच श्रमात दोन किमती हाती आल्या, आणि ‘इ’ फक्त शेवटच्या ओळीत लागले.

या सर्व गोष्टी आज सरळ वाटतात. अठराव्या शतकाच्या आरंभी त्या सरळ नव्हत्या, आणि जो मनुष्य अडखळला तो सामान्य नव्हता. १७०२ मध्ये ‘अॅक्टा एरुडिटोरम’ या नियतकालिकात लाइबनिझने परिमेय फलनांच्या समाकलनाचा प्रश्न हाती घेतला. छेदस्थानी असलेल्या बहुपदीचे एकघाती व वर्गबहुपदी असे वास्तव अवयव पाडता आले, तर समाकलन वर्तुळ आणि अपास्त यांच्या क्षेत्रफळांनी, म्हणजे आजच्या भाषेत व्यस्त त्रिकोणमितीय फलन आणि लॉगरिदम यांनी, पुरे करता येते. तेव्हा प्रत्येक वास्तव बहुपदीचे असे अवयव पडतात काय, हा मुद्दा निर्णायक होता. लाइबनिझने नाही असे उत्तर दिले आणि क्ष⁴ + अ⁴ हे उदाहरण पुढे केले. अ = १ घेतल्याने युक्तिवादात फरक पडत नाही. क्ष⁴ + १ चे अवयव क्ष² + √−१ आणि क्ष² − √−१. त्यांचे पुन्हा अवयव पाडले असता चार एकघाती अवयव मिळतात, आणि त्यांत वर्गमूळ चिन्हाखाली पुन्हा √−१ येते. या चौघांतून कोणतेही दोन घेतले तरी त्यांचा गुणाकार वास्तव होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावरून १ ÷ (क्ष⁴ + १) चे समाकलन वर्तुळ व अपास्त यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे त्याने ठरविले.

निष्कर्ष चुकीचा आहे. √√−१ हे नाव आहे, आणि लाइबनिझ त्या नावापाशी थांबला. सामासिक शब्दाचा विग्रह केल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही; येथे विग्रह राहून गेला. ज्याचा वर्ग ‘इ’ आहे अशी संख्या शोधू लागले तर ती नवी, तिसऱ्या जातीची निघत नाही. ती (१ + इ) ÷ √२ ही आहे. तिचा वर्ग (१ + २इ − १) ÷ २, म्हणजे ‘इ’ येतो. तिला य म्हणू. −इ चे एक वर्गमूळ त्याचप्रमाणे (१ − इ) ÷ √२ हे आहे. त्यास य′ म्हणू. क्ष⁴ + १ ची चार मुळे य, −य, य′ आणि −य′ ही होत. आता य + य′ = √२, य − य′ = इ√२ आणि यय′ = १ हे ध्यानात ठेवावे.

चार वस्तूंच्या दोन-दोनच्या जोड्या तीन प्रकारे लावता येतात. य ची जोडी −य शी लावली तर क्ष⁴ + १ = (क्ष² − इ)(क्ष² + इ) असे अवयव पडतात; लाइबनिझ ज्या मार्गाने गेला तो हा. य ची जोडी −य′ शी लावली तर अवयव क्ष² − इ√२क्ष − १ आणि क्ष² + इ√२क्ष − १ हे. त्यांचा गुणाकार (क्ष² − १)² + २क्ष², म्हणजे क्ष⁴ + १ च. आणि य ची जोडी त्याच्या संयुग्मी संख्येशी, य′ शी, लावली तर

क्ष⁴ + १ = (क्ष² − √२क्ष + १)(क्ष² + √२क्ष + १).

दोन्ही अवयव वास्तव आहेत. क्ष⁴ + १ ला क्ष² − √२क्ष + १ ने भागून हे पाहता येईल: भागाकाराचे सहगुणक १, √२, आणि √२·√२ − १ म्हणजे पुन्हा १ येतात, त्यानंतरचे दोन्ही आकडे शून्य होतात, म्हणजे बाकी उरत नाही. ‘इ’ चा स्पर्शही न होता पार पडणारी ही भागण्याची क्रिया आहे. पहिल्या प्रकारात सहगुणकांना ‘इ’ लागतो, दुसऱ्यात इ√२ म्हणजे √−२ लागतो, तिसऱ्यात √२ पुरतो. परिमेय सहगुणकांच्या क्षेत्रात राहावयाचे तर यांपैकी एकही जोडी जमत नाही. तेथे क्ष⁴ + १ अविभाज्यच आहे. अवयव पडतात की नाही हा प्रश्न बहुपदीपुरता विचारून चालत नाही. कोणत्या क्षेत्राच्या भाषेत, हेही सांगावे लागते.

लाइबनिझचा हा प्रमाद अधिक विलक्षण वाटतो तो अशासाठी की √(१ + √−३) + √(१ − √−३) = √६ हे समीकरण त्याने स्वतःच १६७० नंतरच्या दशकात शोधून हायगेन्सला कळविले होते. उजवी-डावी बाजू वर्ग करून पाहिली की त्यातील खुबी दिसते: दोन संयुग्मी राशी एकत्र आल्या, ‘काल्पनिक’ भाग परस्परांत विरला आणि वास्तव संख्या उरली. संयुग्मी जोडी त्याच्या हाती येऊन गेली होती. त्याच १७०२ च्या लेखात त्याने या संख्यांचे वर्णन असणे आणि नसणे यांच्या मधल्या, जणू उभयचर वस्तू असे केले आहे. असल्या वस्तूवर क्रिया करता येतात हे त्यास मान्य होते. परंतु तिचे मूळ काढले की आणखी दूरची, आणखी विचित्र वस्तू हाती येईल, असे त्याने गृहीत धरलेले दिसते. चिन्हावर अविश्वास दाखविल्यामुळे तो चुकला असे म्हणता येत नाही; चिन्हाचा व्यवहार शेवटपर्यंत नेला नाही म्हणून चुकला.

निकोलाउस बेर्नुलीने १७१९ मध्ये त्याच नियतकालिकातून क्ष⁴ + अ⁴ विषयीची ही चूक दाखवून दिली. तरीही प्रश्न मिटला नाही. १७४२ मध्ये ऑयलरने प्रत्येक वास्तव बहुपदीचे एकघाती व वर्गबहुपदी असे वास्तव अवयव पडतात असे पत्रांतून प्रतिपादन केले, तेव्हा त्याच बेर्नुलीने क्ष⁴ − ४क्ष³ + २क्ष² + ४क्ष + ४ हे उलट उदाहरण म्हणून पुढे ठेवले. वरवर पाहता ही बहुपदी खरोखरच दाद देत नाही. परंतु क्ष − १ = य असे मानून मांडले की ती य⁴ − ४य² + ७ इतकी साधी होते (येथे य हे नवे चल आहे). हिला य² ची वर्गबहुपदी मानून सोडविली तर य² = २ ± √−३ येते, आणि य व −य यांची जोडी लावणारा पुन्हा संमिश्र अवयवांत अडकतो. संयुग्मी जोडी शोधणारा ती वेगळ्या रीतीने मांडतो: (य² + √७)² − (४ + २√७)य². हा दोन वर्गांचा फरक आहे, आणि ४ + २√७ ही धन संख्या असल्यामुळे तिचे वर्गमूळ वास्तव आहे. त्यास व म्हटले तर अवयव य² − वय + √७ आणि य² + वय + √७. य च्या जागी क्ष − १ घातले की ऑयलरने बेर्नुलीस कळविलेले अवयव मिळतात:

क्ष² − (२ + व)क्ष + (१ + व + √७) आणि क्ष² − (२ − व)क्ष + (१ − व + √७).

यांच्या अंतिम पदांचा गुणाकार (१ + √७)² − (४ + २√७), म्हणजे ४ येतो, हे सहज ताडता येते. उरलेले सहगुणक जिज्ञासूंनी ताडून पाहावेत.

एकेका उदाहरणाचे निरसन म्हणजे सिद्धता नव्हे. ती देण्याचे श्रेय बहुधा गाउसच्या १७९९ च्या प्रबंधास दिले जाते. त्या प्रबंधाचे प्रतिपाद्यही वास्तव बहुपदीचे एकघाती व वर्गबहुपदी असे वास्तव अवयव पाडता येतात हेच होते, आणि त्यातील युक्तिवाद संमिश्र संख्यांचा उघड आधार न घेता मांडलेला आहे. त्यात राहिलेली वक्रांविषयीची एक त्रुटी ऑस्त्रोव्हस्कीने १९२० मध्ये भरून काढली. संमिश्र अवयव आणि वास्तव वर्गबहुपदी या दोहोंतून एकच वस्तुस्थिती व्यक्त होते, एवढे येथे पुरे.

आकडेमोडीच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारख्या नाहीत. एका संमिश्र गुणाकारास सामान्यतः चार वास्तव गुणाकार आणि दोन बेरजा-वजाबाक्या लागतात. क्ष² − पक्ष + क अशा भाजकाने भागताना प्रत्येक पायरीवर दोन वास्तव गुणाकारांत काम भागते. लेनर्ड बेअरस्टो याने १९२० मध्ये विमानविद्येवरील आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात बहुपदीची मुळे काढण्याची जी रीत दिली, ती या सोयीवरच आधारलेली आहे. वर्गबहुपदीचा एक अंदाज घ्यावा, तिने भागावे, रक्ष + स ही बाकी पाहावी, आणि र व स दोन्ही शून्याकडे सरकतील अशा रीतीने प आणि क यांत दुरुस्ती करीत जावे. मुळे संमिश्र असली तरी सर्व काम वास्तव संख्यांत होते; ‘इ’ अखेरीस वर्गसमीकरण सोडविताना येतो.

याहूनही नित्याच्या व्यवहारातले उदाहरण १९५८ मध्ये गर्ट्झेलने मांडलेल्या रीतीचे आहे. एखाद्या ध्वनिलहरीचे ठरावीक अंतराने घेतलेले नमुने हे बहुपदीचे सहगुणक मानले, तर त्या लहरीत एखादा विशिष्ट सूर किती प्रबळ आहे हे कळण्यासाठी त्या बहुपदीची एकक वर्तुळावरील एका संमिश्र बिंदूपाशी किंमत काढावी लागते. गर्ट्झेलच्या रीतीत त्यासाठी त्या बिंदूच्या आणि त्याच्या संयुग्मी बिंदूच्या वर्गबहुपदीने भागतात. तिचे अंतिम पद १ असल्यामुळे प्रत्येक नमुन्यामागे एकच वास्तव गुणाकार पुरतो, आणि संमिश्र संख्या केवळ शेवटच्या पायरीवर येते. बटणांच्या दूरध्वनीवरील प्रत्येक अंक दोन सुरांच्या जोडाने पाठविला जातो. तो जोड ओळखण्यासाठी ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे.

आतापर्यंत संमिश्र संख्या आधी आणि भागण्याची क्रिया नंतर, असा क्रम धरला. कोशीने १८४७ मध्ये हा क्रम उलटविला. वास्तव सहगुणकांच्या बहुपदी घ्याव्यात आणि प्रत्येकीस क्ष² + १ ने भागून केवळ बाकी ठेवावी. बाकी नेहमी अ + बक्ष अशा रूपाची येईल. (२ + ३क्ष) आणि (४ − क्ष) यांचा गुणाकार ८ + १०क्ष − ३क्ष² आहे. क्ष² + १ ने भागून त्याची बाकी ११ + १०क्ष येते. (२ + ३इ)(४ − इ) हा गुणाकार केला तर ११ + १०इ येतो. दोन्ही ठिकाणी हिशेब एकच आहे. −१ चे वर्गमूळ ही वस्तू कोठे आहे असा प्रश्न आता उरत नाही: क्ष² + १ ने भागताना क्ष ही जी बाकी राहते, तिचा वर्ग क्ष², आणि क्ष² ची बाकी −१. ज्या चिन्हास वाच्य नाही असा आक्षेप होता त्याचे वाच्य भागण्याच्या क्रियेतच सापडले. संमिश्र संख्या म्हणजे क्ष² + १ ने भागून उरणाऱ्या बाक्या.

या मांडणीत एक गोष्ट लख्ख दिसते. क्ष च्या जागी −क्ष लिहिले तरी क्ष² + १ हा भाजक बदलत नाही. म्हणून बाक्यांच्या बेरजा-गुणाकारांविषयी वास्तव सहगुणकांनी जे काही खरे सांगता येते ते ही अदलाबदल केल्यावरही खरेच राहते. संयुग्मी मुळांची जोडी हा त्याचाच एक आविष्कार आहे. √२ आणि −√२ यांच्याबाबत, वास्तव संख्यांत वावरताना, तशी स्थिती नाही: √२ ही एका वास्तव संख्येचा वर्ग आहे आणि −√२ तशी नाही, एवढ्यावरून दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. ‘इ’ आणि ‘−इ’ यांस ही कसोटी लावली तर ‘इ’ हा (१ + इ) ÷ √२ चा वर्ग ठरतो आणि ‘−इ’ हा (१ − इ) ÷ √२ चा. लाइबनिझच्या लेखात ज्यांचा विग्रह झाला नाही त्याच या दोन संख्या होत. ऑयलरने १७७७ मध्ये √−१ साठी एकाक्षरी चिन्ह योजिले, आणि ते चिन्ह पुढे सर्वत्र रूढ झाले. क्ष² + १ च्या दोन मुळांपैकी ते नेमके कोणत्या मुळाचे नाव आहे, हे वास्तव सहगुणकांच्या भाषेत सांगता येत नाही.